पेशीची तारीख

आमचे हे गुरुवारी गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले आणि उठले नाहीत.

भेटायला येणारे म्हणतात, मास्तर फार शांत होते. होतेच. पण मला त्यांच्या शांतपणापेक्षा त्यांची एक फजिती जास्त आठवते, आणि सुतकाच्या घरात ती कुणाला सांगता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

लग्नानंतर आम्ही उल्हासनगरच्या कॅम्पात एका बरॅकीत बिऱ्हाड केलं. लष्कराने सोडलेली लांबलचक बरॅक, गोणपाटं टांगून तिचे भाग पाडलेले. आमच्या गोणपाटापलीकडे एक सिंधी आजोबा राहत. त्यांची हवेली तिकडे सिंधमध्ये राहिली होती आणि तिच्या भरपाईसाठी ते सरकारी कचेरीत खेटे घालत. तिथल्या सुनावणीला ते ‘पेशी’ म्हणत. ‘आज पेशी है’ म्हणाले की काळा कोट चढवायचे. संध्याकाळी कोट काढताना म्हणायचे, ‘साहब छुट्टी पर.’

हे अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. नोकरी हंगामी होती. इन्स्पेक्टरसाहेब वर्गावर येऊन धडा बघणार, पसंत पडला तर कायम, नाहीतर बेलवलीला थोरल्या दिरांच्या शेतावर. तिथे यांचा फारसा उपयोग नव्हता. एकदा बेणणी करताना यांनी गवत ठेवून भात उपटला होता. दीर अजून तेच सांगायचे.

धडा होता वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या पेशींचा. आठवडाभर रोज संध्याकाळी मी वर्ग झाले.

‘वनस्पतीच्या पेशीला बाहेरून भिंत असते. प्राण्याच्या पेशीला?’

‘नसते. नुसता पडदा.’

‘तो काय करतो?’

‘आत कुणाला सोडायचं, कुणाला नाही, ते ठरवतो.’

‘आणि सगळा कारभार कोण चालवतं?’

‘मधे बसलेलं केंद्रक.’

रिक्तिकेपाशी मी अडायचे. ‘रिक्त म्हणजे रिकामी ना? मग तिच्यात पाणी कसं?’

‘अगं, नाव ठेवणाऱ्याला रिकामी दिसली. असते ती भरलेली. त्या पाण्यामुळे पेशी ताठ राहते, नाहीतर कालच्या पालकासारखी मान टाकेल.’

‘मग नाव बदला की.’

‘मी हंगामी आहे गं. कायम झालो की बदलतो.’

शेवटच्या संध्याकाळी हे म्हणाले, ‘उद्या पेशी. इन्स्पेक्टरने पकडलं तर गेलोच मी,’ आणि बादली घेऊन नळावर गेले. गोणपाट हललं.

‘बेटी, मास्तर साईं की पेशी है? किसके सामने?’

‘इन्स्पेक्टर आहेत,’ मी म्हटलं. मी मुळात कमी बोलणारी, तेवढ्यावरच थांबले.

‘राम राम!’ म्हणत आजोबांनी गोणपाट सोडलं.

सकाळी हे सायकलवरून गेले आणि कांदा घरीच राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली पापुद्रा दाखवायचा तो याच कांद्याचा. मी पदर खोचून बाहेर आले तर समोर टांगा. टांग्यात काळ्या कोटातले आजोबा आणि त्यांचे दोन मित्र, तेही कोटात. ‘बैठ बेटी. हम भी चलते हैं.’ एका कांद्याला एवढी सोबत कशाला, असं मनात आलं, पण वडीलमाणसांना विचारायचं कसं?

‘ये क्या है?’ आजोबांनी विचारलं.

‘कांदा. इन्स्पेक्टरना दाखवायचाय.’

‘प्याज के लिए पेशी!’ एक मित्र म्हणाला. दुसरा म्हणाला, ‘जमाना खराब है.’ खडखडाटात मला वाटलं, कांद्याच्या भावाचं चाललंय.

मी वर्गाच्या दारातून कांदा दिला. यांनी पापुद्रा सोलला, काचेवर ठेवला, वर आयोडीनचा थेंब टाकला. इन्स्पेक्टरसाहेब वाकून बघू लागले. बघता बघता त्यांनी वर्गाला विचारलं, ‘पानात अन्न तयार करणारे हिरवे कण असतात ना? मग या पापुद्र्यात का नाहीत?’

मुलं एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात आजोबा हात जोडून आत शिरले.

‘हुजूर, मास्तर बेकसूर है.’

साहेबांनी मान वर केली. ‘हे कोण?’

‘गवाह, हुजूर. बोरी के उस तरफ रहता हूँ, सब सुनता हूँ. प्याज जमीन के अंदर बढ़ता है, वहाँ धूप कहाँ? धूप नहीं तो हरा दाना किस काम का? मास्तर ने घरवाली को सात दफा समझाया. वो नहीं समझी. फिर भी आवाज ऊँची नहीं की. ऐसा आदमी प्याज चुराएगा?’

मुलं बाकांवर लोळू लागली. मी दाराआड सरकले.

‘मुलांनो,’ हे म्हणाले, ‘पेशीच्या पडद्यातून काही गोष्टी आरपार जातात. त्या अशा.’

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. ‘मास्तर, तुमचा धडा शेजाऱ्यांना पाठ आहे, वर्गाला नाही. याचं काय करायचं?’

‘साहेब, वर्गात दोनदाच शिकवलाय.’

‘मग इथेही सात वेळा शिकवा. त्यासाठी तुम्हाला ठेवून घ्यायला हवं.’

हे कायम झाले. आपल्या साक्षीनेच मास्तर सुटले, असं आजोबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं आणि यांनी ते कधी खोडून काढलं नाही. उलट आजोबांच्या पेशीला हेही रजा काढून जात आणि कचेरीबाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसून राहत. ती हवेली यांनी कधी पाहिली नव्हती.

बेलवलीला आम्हाला परत जावं लागलं नाही. पुढे अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांचं घर झालं. त्या घरात आता मी एकटी राहते.