बॅचलरांसाठी वेगळी मतपेटी

मस्कतमध्ये मराठी माणसांच्या दोनच जाती होत्या: फॅमिली आणि बॅचलर. बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. गावी बायको-मुलं आणि इथे कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत दाटीवाटीने खाटा, तो बॅचलर. बायकोला आणता येईल एवढा पगार असलेला, तो फॅमिली. आमच्या रुवीतल्या मंडळाची वर्गणी दोघे देत. मत फक्त फॅमिलीला. गणपतीच्या महाप्रसादाला पहिली पंगतही फॅमिलीची.

मंडळाचे दिवे आणि माईक सांभाळणारा गुहागरकडचा इलेक्ट्रिशियन एका सभेत उठून म्हणाला, "दुसऱ्या पंगतीला आमीच का, ह्ये विचारायचं तर आमाला मत पायजे."

आमचे अध्यक्ष भर उन्हाळ्यात ब्लेझर घालत आणि लोकशाहीवर बोलत. त्यांनी सार्वमत जाहीर केलं: बॅचलरना मत द्यावं का? मतदान अर्थात फॅमिलींनी करायचं. प्रमुख पाहुणा म्हणून माझ्या ऑफिसातला केपटाऊनचा सहकारी. त्याचे आजोबा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेले, त्यामुळे त्याच्या घरात अजून कोकणी चालायची.

अध्यक्ष गरजले, "यांच्या देशाने सार्वमत घेऊन वर्णभेद गाडला. आज आपण त्याच वाटेवर आहोत!"

पाहुणा माझ्याकडे झुकला. "त्या सार्वमतात मत फक्त गोऱ्यांना होतं. ह्यांना म्हाईत हाय?"

"नसेल. पण वाट बरोबर सापडली."

'हो' जिंकलं. फॅमिलींनी स्वतःच्या औदार्याबद्दल एकमेकांचे हात हातात घेतले. मग कार्यकारिणीने त्या 'हो'चा अर्थ लावला: बॅचलरांनी मत द्यावं, पण त्यांच्या वेगळ्या समितीसाठी. समितीकडे दिवे, माईक, खुर्च्या. पंगती कार्यकारिणीकडे.

हे ऐकून माझा सहकारी हसत सुटला. "आमालाही दिलेली की! गोऱ्या सरकारनं हिंदुस्थानी लोकांसाठी काढलेली वेगळी संसद. मतदानादिवशी बापानं दुकान बंद केलं न् घरात झोपून राह्यला."

"मग?"

"दहा वर्षांनी सगळ्यांची एकच रांग लागली. तवा म्हातारा पहाटेच जाऊन उभा."

मी ते इलेक्ट्रिशियनला सांगितलं. तो म्हणाला, "झोपायचं कळलं. पण दहा वर्षं थांबायला आपला व्हिसा कुठाय, साहेब?"

मतदानाच्या शुक्रवारी मिठाईच्या डब्याला चीर पाडून मतपेटी केली होती. तिच्याशेजारी ब्लेझर. संध्याकाळपर्यंत एकही बॅचलर फिरकला नाही. कॅम्पात सगळे झोपले होते म्हणे.

गणेशचतुर्थीला हॉलमध्ये ना दिवे ना माईक. अध्यक्षांनी फोन लावला.

"माईकची समिती अजून निवडून आली नाय, साहेब," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

अंधारातच कार्यकारिणीची बैठक झाली. इतक्या झटपट ती कधी झाली नव्हती. यादी एकच, पंगत एकच; मतदान पुढच्या वर्षीपासून. अर्ध्या तासात दिवे लागले आणि पहिला आवाज आला तो अध्यक्षांचा: हा निर्णय आम्ही स्वेच्छेने घेतला आहे.

इलेक्ट्रिशियन त्या दिवशी पहिल्या पंगतीत, माझ्या शेजारी जेवला. त्याने भात दोनदा मागून घेतला. पुढच्या निवडणुकीआधी त्याच्या अर्बाबचं, म्हणजे अरबी मालकाचं, कंत्राट संपलं, आणि व्हिसा खलास; तो गावी परतला. मत त्याने दिलंच नाही. अध्यक्ष बिनविरोध निवडून आले. भाषणात त्यांनी समतेचं श्रेय घेतलं, आणि माईक मध्येच खरखरला तेव्हा सवयीने मागे वळून पाहिलं.