लातूरच्या वाटेवर, पोलीस ठाण्यात

नांदेडहून लातूरची गाडी सकाळी साडेसातला सुटली. आदला दिवस अर्धापूरच्या केळीच्या बागांतून हिंडण्यात गेला होता. आता लातूर, मग किल्लारी आणि तिथून साताऱ्याला घरी, एवढाच बेत होता. लोहा मागे पडलं. दोन्ही बाजूंना काळी रानं, काढणीला आलेला हरभरा आणि मधूनच बुटक्या टेकड्या दिसू लागल्या.

पुढच्या बाकावर एक जोडपं बंगालीत बोलत होतं. बँकेच्या नोकरीत मी नऊ वर्षं कोलकात्यात काढली आहेत, त्यामुळे राहवलं नाही. "बाडी कोथाय?" (घर कुठं?) मी विचारलं. बाई वळून मनापासून हसली. तिचं नाव सबीना. नवरा रफिक, फरशी बसवणारा मिस्त्री. गाव मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं. तिला सातवा महिना होता. लातूरच्या दवाखान्यात दाखवायला निघाले होते.

मधल्या एका गावात गाडी नाश्त्याला थांबली. मी सुशीला (चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा पदार्थ) मागवला, तोच दोन पोलीस आले. परदेशी नागरिक शोधण्याची मोहीम सुरू होती. रफिकने आधार कार्ड दाखवलं.

"ह्याच्यानं नागरिकत्व सिद्ध होत न्हाई. ठाण्यात चला."

सबीना घाबरून बंगालीतच बोलत सुटली, तसा त्यांचा संशय वाढला. कंडक्टर मला म्हणाला, "मावशी, चढा, उशीर होऊन राहिला." खरं सांगते, एक पाय पायरीवर ठेवलाही होता. मग सबीनाकडे पाहिलं आणि पिशवी खाली घेतली.

ठाण्यातले जमादार (हवालदार) पन्नाशीचे, थकलेले गृहस्थ होते. "मॅडम, वरून आदेश हाय. पडताळणीबिगर सोडता येत न्हाई."

"आणि पडताळणी झालीच नाही तर?"

"मग परदेशी लोकांच्या केंद्रात ठेवतेत. तिथून सीमेवर."

रफिकला 'सीमा' तेवढा शब्द कळला. तो हलक्या आवाजात मला म्हणाला, "दिदी, ज्या देशात मी कधी गेलोच नाही, तिथं मला परत कसं पाठवतील?" मी जमादारांना विचारलं, कुठला कागद चालेल? ते म्हणाले, "शाळेचा, बापाच्या जमिनीचा, जुना कायबी."

रफिकच्या गावच्या मास्तरांना फोन लावला. ते सायकलवरून त्याच्या घरी गेले आणि तासाभरात फोटो आले: शाळेच्या रजिस्टरचं पान, आजोबांच्या जमिनीचा कागद. मी एकेक ओळ वाचून अर्थ सांगत होते, जमादार मराठीत उतरवून घेत होते. मग त्यांनी तिकडच्या ठाण्याला फोन केला. दोघांचंही हिंदी एकमेकांना कळेना, म्हणून फोन माझ्या हातात दिला. तिकडचा अधिकारी म्हणाला, गावात माणूस पाठवून लेखी कळवतो.

वाट पाहणं सुरू झालं. रफिक आल्यापासून भिंतीपाशी उभाच होता, त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. एक महिला पोलीस खुर्ची घेऊन आली आणि सबीनाला दटावून म्हणाली, "पोटुशी बाई तू, खाली फरशीवर कामून बसलीस?" सबीनाला शब्द कळले नसावेत, पण ती खुर्चीवर बसली आणि त्या बाईचा हात धरून रडली.

तीनच्या सुमाराला उत्तर आलं. जमादारांनी ते दोनदा वाचलं आणि उठून उभे राहिले. "मिस्त्री, तुमचं बरोबर हाय. लई तरास झाला तुम्हाला." पडताळणी झाल्याचा दाखला त्यांनी शिक्का मारून दिला आणि खाली आपला नंबर लिहिला. "पुन्हा कुणी अडवलं तर मला फोन लावायला सांगा."

दवाखाना बंद व्हायच्या आत आम्ही लातूरला पोचलो. बाळ ठीक होतं.

दुसऱ्या दिवशी किल्लारीला गेले. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या सरळ गल्ल्यांतून हिंडताना एका आजोबांना आदल्या दिवसाची हकिगत सांगितली. ते म्हणाले, "आमच्या मदतीला कुठकुठली माणसं आल्ती. बोली कळायची न्हाई. पर कुणाला कागद मागितला न्हाई आम्ही."

साताऱ्याला परतल्यावर महिनाभरानं रफिकचा फोन आला. लातूरच्या एका चौकात त्याला पुन्हा अडवून पोलीस चौकीत नेलं होतं. त्यानं दाखला दाखवला, तिथल्या पोलिसानं जमादारांना फोन केला आणि दोन मिनिटांत सोडून दिलं. आपल्याच देशात त्याला ती दोन मिनिटंही द्यावी लागू नयेत, असं मला वाटतं. पण रफिक मात्र आनंदात होता. "दिदी," तो म्हणाला, "या वेळी त्यांनी मला बसायला सांगितलं."