खिळा न ठोकता लावलेला पडदा

सतराव्या वर्षी मी जितकी शहाणी होते तितकी पुढे कधीच झाले नाही. ते शहाणपण उतरायला सुरुवात झाली एका पडद्यापासून.

पन्नास सालानंतरची गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच. लग्न होऊन मी चांद्याहून नागभीडच्या पलीकडच्या एका रानातल्या गावी आले. आमचे हे जंगलखात्यात नाकेदार. म्हणजे रानाचा एक तुकडा राखायचा आणि महिन्यातले पंधरा दिवस त्याच तुकड्यात काढायचे. सरकारी घर पावसाने बसलेलं, म्हणून गावातल्या एका म्हातारीच्या घरात दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. तिला नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं. पडवीच्या त्या टोकाला ती, या टोकाला मी आणि माझी ट्रंक.

पहिल्याच दिवशी तिने भिंतीवरून गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

"सारं कर बाई. रांध, पसर, कोंबड्या पाळ. भितीले खिळा मात्र नको ठोकू."

"का हो आजी?"

"नाई ठोकायचा म्हणजे नाई ठोकायचा."

मातीची दीड हात जाड भिंत. एक खिळा ठोकला की ताटाएवढा पोपडा सुटतो आणि त्या भोकातून वाळवी आत शिरते, एवढं साधं कारण. पण आमची चांद्याची बाईसाहेब, म्हणजे मीच, विटांच्या घरात वाढलेली. तिने लगेच ठरवलं की भिंतीत काहीतरी पुरलेलं आहे. रात्रभर कान लावून पडली. भिंत थंड होती आणि तिला शेणामातीचा वास येत होता, बाकी काही नाही. पण काही ऐकू येत नाही म्हणजे असणारच, असा तिचा हिशेब.

पडदा मात्र हवाच होता. रेंजरसाहेबांच्या बंगल्यावर मी पडदे पाहून आले होते. शिवाय माझ्या खोलीची खिडकी मागच्या बांबूच्या बेटाकडे उघडायची. बेटापुढे लगेच जंगल. दुपारी सगळं गाव धानाच्या बांध्यांत गेलं की तिकडे इतकी शांतता पडायची की आपण गिळलेली थुंकी ऐकू यावी. मग वारा नसताना बेटातला एखादा बांबू दुसऱ्याला घासायचा आणि कुणीतरी दाढ करकरवल्यासारखा आवाज व्हायचा. मी पाठ फिरवली की त्या खिडकीतून कुणीतरी पाहतंय असं वाटायचं. मान वळवली की नुसतं हिरवं.

वडशाच्या बाजारातून यांनी छीट आणून दिली. पिवळ्यावर तांबडी फुलं, वीण इतकी विरळ की पलीकडचा उजेड मोजता यावा. आता ती टांगायची कशी? खिळा नाही. आधी भाताच्या पेजेने कापड भिंतीला चिकटवलं. सकाळी मुंग्यांची वरात आली होती आणि पडदा जमिनीवर. मग वरच्या मयालीला, छपराच्या आडव्या लाकडाला, दोरी बांधून सोडला, तर तो मधोमध असा लोंबकळला की यांनी दारातच पाय अडखळून विचारलं, "हे कोण?" त्यानंतर मीही त्याच्याकडे सरळ पाहू शकले नाही.

शेवटी युक्ती सापडली. भिंत जाड, त्यामुळे खिडकी कोनाड्यासारखी खोल. कोनाड्याच्या रुंदीपेक्षा बोटभर लांब बांबू घ्यायचा, दोन्ही टोकांना चिंध्या गुंडाळायच्या, थोडा वाकवायचा आणि दोन भिंतींच्या मध्ये अडकवून सोडायचा. आपल्याच ताणाने तो घट्ट बसतो. भिंतीला ओरखडासुद्धा नाही.

भाऊबीज होऊन चार-पाच दिवस झाले होते. मी विळा घेऊन बेटात शिरले. म्हातारी पडवीत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "आज नको तोडू व बाई. चांद वाढून राह्यला."

मी थांबले. "चंद्राचं काय?"

"चांद वाढताना तोडला तं त्याच्यात ते येते."

"काय येतं?"

तिने हात नुसता हवेत हलवला आणि तोंडात तंबाखू भरला. झालं. अंगावर काटा आला, पण चांद्याची मुलगी कुणाला भिते? मी बांबू तोडलाच. त्याच्यावर पडद्याची शिवलेली नळी चढवली आणि कोनाड्यात बसवला. फार सुंदर दिसला. दोन महिने मी त्याच्यावर खूश होते.

पौषात पहिली पूड दिसली.

सकाळी खिडकीच्या खालच्या पाळीवर पाच छोटे ढीग. चिमटीने ठेवावेत तसे, ओळीत. फिकट पिवळी, वस्त्रगाळ पूड. मी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच पाच जागी पाच ढीग. तिसऱ्या दिवशी तेच. मी पाळी धुतली, शेणाने सारवली, कडी लावून झोपले. सकाळी सारवलेल्यावर पाच ढीग आणि आजूबाजूला एकही बोट उमटलेलं नाही.

मग आवाज. दुपारी, अगदी सामसूम असताना, कुर्र, कुर्र. जवळ गेलं की बंद. दोन पावलं मागे सरकलं की पुन्हा सुरू. जणू ते माझी पावलं ऐकत होतं. मी भिंतीला कान लावला, तर भिंतीतूनच आल्यासारखा वाटला. आणि रोज उन्हं कलली की म्हातारी बेटाशी येऊन माझ्या खिडकीकडे पाहत उभी राहायची. मी आतून कडी घालून घ्यायचे.

हे तेव्हा बारा दिवसांच्या दौऱ्यावर होते. बोलायला कुणी नाही, म्हणून मी विहिरीवर बोलले. पहिल्या दिवशी पुडीबद्दल. दुसऱ्या दिवशी आवाजाबद्दल. तिसऱ्या दिवशी, बायका जवळ सरकून बसल्या तेव्हा, चंद्राबद्दल. खरं सांगते, मजा येत होती. सतरा वर्षांत माझं इतकं कुणी ऐकलं नव्हतं. म्हातारीने हवेत हात हलवला होता तो मी जरा जास्तच हलवून दाखवला.

आमची शेजारीण घागर भरायची विसरून ऐकत होती. तिच्या पोराला आठ दिवसांपासून थंडी वाजून ताप येत होता.

"बुढीनं माह्या पोराले परवाच बोरं देल्ली," ती म्हणाली. "पाचच देल्ली."

दुसऱ्या सकाळी म्हातारी विहिरीवर आली तशा सगळ्या बायका दोर सोडून बाजूला झाल्या. म्हातारीने भरलेली घागर एकीने पायाने कलंडवली, चुकून लागल्यासारखी. म्हातारीने घागर उचलली आणि नाल्याकडे चालू लागली. नाला तिथून अर्धा कोस. मी घरी पळत आले आणि पडद्याची कड उचलून पाहिलं: वाकलेली पाठ, डोक्यावर घागर, बांबूच्या सावल्यांतून जातेय. तेव्हा मला समजायला हवं होतं. मला फक्त भीती वाटली की ती मागे वळून पाहील.

शनिवारी शेजारीण दारात आली. "नाकेदारीणबाई, उद्या पुजारी येऊन राह्यला. तो पाहून सांगते कोनाची करणी हाय ते. तुमी फक्त पुडीचं सांगा. तुमचं शिकल्यासवरल्याचं तो मानते."

कुणाचं नाव निघणार हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नाव निघालेल्या बाईचं पुढे काय होतं तेही. मागे एका गावातल्या बाईला रानात हाकललं होतं, ती कुणालाच परत दिसली नाही, हे मला या शेजारणीनेच सांगितलं होतं. मी मान डोलावली. हो म्हणाले.

ती गेली आणि मी खिडकीपाशी बसले. भर दुपार. वारा नव्हता. कुर्र, कुर्र. आणि पडद्यावर बाहेरून एक सावली आली. ती हलली नाही. तांबड्या फुलांमागे डोकं, खांदा, गजावर धरलेला हात. छीट विरळ होती, तरी चेहरा दिसत नव्हता. मी उठले.

तेवढ्यात कट्‌ असा आवाज झाला आणि सगळा पडदा माझ्या अंगावर आला. डोक्यावर, तोंडावर, नाकात ती पूड. मी आतल्या आत किंचाळत धडपडले, ट्रंकेवर आपटले आणि फुलांच्या कापडात गुंडाळलेली नाकेदारीण जमिनीवर लोळली. कापडातून डोकं काढलं तर खिडकीत म्हातारी आणि माझ्या मांडीवर बांबूचे दोन तुकडे. आत बांबू उरलाच नव्हता. वरची साल तेवढी होती, तिला टाचणीएवढी पाच भोकं, आणि पोटात सगळं पीठ. पिठातून बारीक काळे किडे हळूहळू चालत बाहेर येत होते.

"भुंगा," म्हातारी गजांतून म्हणाली. "चांदण्या पाखात बांबूत गोडी असते. त्याले तेच पाह्यजे. पूड पडलेली पाह्यली तईच समजलं. रोज सांगाले येत होती, तं तू कडी लावून घेत होती."

माझी भीती गेली आणि तिच्या जागी त्याहून वाईट काहीतरी आलं. किड्यांनी बांबू खाल्ला होता. मी काय केलं होतं ते मला दिसत होतं.

मी तशीच उठले. केसांत पीठ, हातात ते दोन तुकडे. शेजारणीच्या अंगणात बायका जमल्या होत्या. मी तुकडे सर्वांसमोर दगडावर आपटले. पीठ उडालं, किडे पळाले.

"ही करणी," मी म्हणाले. "चंद्र वाढताना बांबू तोडला, तो मी. आजी नको म्हणत होत्या."

एका थोराड बाईने वाकून पाहिलं आणि ती हसायला लागली. "चांदण्या पाखात बांबू तोडला? हे तं आमच्या शेंबड्या पोराले समजते. नाकेदाराची बायको होय का कोन होय तू?"

मग सगळ्याच हसल्या. आठवडाभर मी त्यांना जितकं भिववलं होतं तितकं त्यांनी मला हसून परत केलं. मी हसू दिलं. त्या हसत होत्या तोवर दुसरं काही करत नव्हत्या.

शेजारीण मात्र हसली नाही. "अन् माह्या पोराचा ताप?"

"तो थंडीतापच आहे. यांच्या पेटीत कोयनेलच्या गोळ्या आहेत. आता देते. पण पुजाऱ्याला निरोप पाठव, येऊ नको म्हणून."

तिने गोळ्या घेतल्या, निरोप पाठवला. चार दिवसांनी पोर उठून बसलं. तरी विहिरीवर म्हातारी आली की शेजारीण पदर सावरून जरा लांब उभी राहायची, ती आम्ही गाव सोडेपर्यंत. माझ्या तोंडून निघालेलं मला पूर्ण परत घेता आलं नाही.

अंधाऱ्या पाखात म्हातारीने स्वतः बांबू तोडला. पंधरा दिवस तळ्यात बुडवून ठेवला, वाळवला आणि एका दुपारी घेऊन आली. तोवर मी तिच्याशी नीट बोलले नव्हते. तिने टोकांना चिंध्या बांधल्या, बांबू वाकवला आणि कोनाड्यात सोडला. टप्‌ करून बसला.

"आजी, माझं चुकलं."

"मी खरंच करणीवाली असती," ती बांबू दाबून पाहत म्हणाली, "तं पहिले तुह्यं तोंड बांधलं असतं. एवढा तरास कायले झाला असता?"

मग बाहेरून नीट दिसतो का पाहायला ती बेटाकडून खिडकीशी गेली. मी आत एकटी. पडद्यावर तिची सावली आली: डोकं, खांदा, गजावरचा हात. मला सगळं माहीत होतं. तरी हातावरचे केस उभे राहिले. रान गप्प होतं.

"भेव वाटते काय व?" सावली म्हणाली.

"नाही."

"खोटं बोलून राह्यली."

ती तिथून हलली नाही. मी पडदा सरकवीन म्हणून ती वाट पाहत राहिली. मला वेळ लागला. पण सरकवला.