चढाच्या टोकावरचं झाड

भिंतीचा टवका कागदात गुंडाळून आणलेला असो नाहीतर जुन्या दाराचा ढलपा असो, रंगवाला ते उजेडाला धरून एकदा बघायचा आणि पांढऱ्या डब्यात थेंब थेंब सोडत हुबेहूब तोच रंग काढून द्यायचा. सगळी हयात त्याने रंगाच्या दुकानात हेच केलं. दुकानात मशीन आलं, पण अडलं की मालकाची हाक यालाच. माणूस कामाला चोख, पण थोडा फुशारकीचा, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नुसतं 'पिवळं' म्हणणाऱ्याची त्याला कीव यायची.

बायको त्याला तोडीस तोड. ती घरी कपडे शिवायची आणि दोऱ्याची निवड करताना दुकानदाराला घाम फोडायची. पुढे साखरेच्या आजाराने तिचे डोळे गेले. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढं तिला कळायचं. शिलाई मशीनवर चादर पडली. रिळांचा डबा मात्र तिने कुणाला हलवू दिला नाही. कुठल्या खणात कुठला रंग, हे तिला तोंडपाठ होतं.

थंडी पडली की रंगवाला दर रविवारी पहाटे सायकल काढायचा. चारदोन हौशी माणसांची टोळी होती, म्होरक्या दातांचे डॉक्टर. कालव्याकाठाने, शेतांमधून, मग तो मेला चढ, आणि चढाच्या टोकावर एक भलंमोठं झाड. झाडाखाली थर्मासातला चहा प्यायचा आणि परत फिरायचं. रंगवाला घरी पोचायचा तेव्हा बायको मटार सोलत बसलेली असायची. नाक लाल, कान गार, अशा अवतारात तो समोर बसला की ती म्हणायची, "हं, सांगा."

मग तो सांगायचा. कालव्यावर धुकं होतं, म्हणायचा. ती विचारायची, कसलं धुकं, पांढरं की मळकं? तुझ्या अस्तराच्या कापडासारखं, तो म्हणायचा. फुललेलं शेत पिवळं होतं म्हटलं, की ती हटकायची, पिवळं म्हणजे कुठलं पिवळं? मधल्या खणातलं डावीकडचं रीळ, त्याहून जरा उजळ. मग तिचा चेहरा खुलायचा. ती दिवसभर ते शेत मनात घोळवायची आणि संध्याकाळी लेकीच्या घरून नातीचा फोन आला की सगळं तिला सांगायची, शेवटी झाडाचं. त्या पोरीने झाडाचं चित्र काढून पाठवलं होतं. आजीला दिसत नाही म्हणून पानं लोकरीची चिकटवली होती. बायको ते चित्र उशाशी ठेवायची आणि बोटांनी बघायची.

इथवर सगळं सरळ होतं. बिनसलं ते या थंडीत. पहिल्याच रविवारी चढाच्या पायथ्याशी रंगवाल्याचा दम निघाला. छातीत भाता चालायला लागला, गुडघे म्हणाले आता पुरे. पायथ्याशी एक पंक्चरवाला होता, त्याच्या बाकड्यावर तो बसला. टोळीचा एक नियम होता. ज्याला झेपणार नाही त्याने इथे थांबायचं, येताना बाकीचे त्याला सोबत घेतील, आणि थांबलेल्या माणसासमोर वरचं अवाक्षर काढायचं नाही. उगाच त्याला चुटपुट नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. हा नियम रंगवाल्यानेच कधीकाळी मोठ्या मनाने सुचवला होता. तेव्हा थांबणारे दुसरे होते ना.

घरी जाताना त्याने मनाशी ठरवलं होतं की सांगून टाकू, आता वय झालं, चढ जमत नाही. पण दारातून आत पाय टाकतो तोच तिने विचारलं, "झाड कसं आहे? एवढे महिने झाले बघून." आणि याच्या तोंडून निघून गेलं, आहे की, मस्त आहे. पानांवर दव होतं. एकदा जीभ घसरली की ती काय थांबते? पुढच्या रविवारी त्याने झाडावर पक्ष्यांची जोडी बसवली. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना घरटं बांधून दिलं, मग त्यात पिल्लं आणली. प्रत्यक्षात तो बाकड्यावर बसून पंक्चरवाल्याची भिंत बघत असायचा. बायको इतकी रंगून ऐकायची की तिच्याकडे बघवत नसे, आणि दिसत नसतानाही ती आपल्याकडेच बघतेय असं त्याला वाटायचं. चोराच्या मनात चांदणं.

टोळीची आणखी एक पद्धत होती. थंडीतल्या एका रविवारी कुणातरी एकाच्या घरी सगळ्यांनी चहाला जमायचं. यंदा पाळी रंगवाल्याची. मंडळी आली, सायकली जिन्याखाली लागल्या, खोली भरून गेली. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती. चहा झाल्यावर ती कौतुकाने म्हणाली, "तुम्ही सगळे भाग्यवान. ते घरटं डोळ्यांनी बघता. पिल्लं दिसली का हो या रविवारी?"

कप वाजायचे थांबले. दातांचे डॉक्टर हातातल्या बिस्किटाकडे असे बघत राहिले, जणू त्यालाच कीड लागलीय. टोळीत एक तरुण शिक्षिका होती. तिने रंगवाल्याकडे बघितलं, मग बायकोकडे, आणि हळूच म्हणाली, "हो काकू. दिसली ना. छान आहेत."

बायको खुशीत हसली. रंगवाल्याला काहीतरी चुकलंय एवढं कळलं, काय ते कळेना. मंडळी निघाली तेव्हा त्याने जिन्यात डॉक्टरांना गाठलं आणि झाडाला काही झालंय का म्हणून विचारलं. डॉक्टर खाली बघत म्हणाले, "अहो, ते पावसाळ्यात वादळात पडलं. तोडून नेलंसुद्धा. तुम्ही पायथ्याला थांबता, मग तुमच्यापुढे वरचं कोण बोलणार?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. थाप मारताना पकडलं गेल्याची लाज होतीच, पण ती परवडली. त्या सरळ पोरीला आपल्या घरात, आपल्या चहावर, एका आंधळ्या बाईशी खोटं बोलावं लागलं, आणि ते आपली अब्रू राखायला. इतरांनीही मान खाली घालून तिला साथ दिली. सगळ्या खोलीला ठाऊक होतं, एका तिला सोडून. तो वर आला तेव्हा ती गुणगुणत कप गोळा करत होती. म्हणाली, किती चांगली माणसं आहेत हो. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी तो बाकड्यावर थांबला नाही. टोळी पुढे गेल्यावर सायकल हाताने ढकलत, चार पावलं टाकून उभं राहत, तो चढ चढला. वर पोचेपर्यंत टोळी परत फिरली होती. वाटेत सगळे भेटले, पण कुणी काही विचारलं नाही. टोकावर एक रुंद बुंधा होता, कापलेला भाग काळपट पडलेला, आसपास भुसा. कसलं घरटं आणि कसली पिल्लं. झाड गेल्यामुळे पलीकडचं सगळं उघडं पडलं होतं, पार खालची नदी दिसत होती. एरवी त्याने तिच्या रंगाला चटकन नाव दिलं असतं. आज त्याला ते सुचेना. बुंध्यावर बसून तो लहान मुलासारखा रडला.

घरी पोचायला दुपार झाली. बायको काळजीने दारातच उभी होती. चप्पल काढायच्या आधीच त्याने सांगून टाकलं. झाड नाही. पावसाळ्यातच पडलं. मी यंदा वर गेलोच नव्हतो, पायथ्याशी बसत होतो. पक्षी, घरटं, पिल्लं, सगळ्या माझ्या थापा. आणि चहाला जमले त्या दिवशी सगळ्यांना ठाऊक होतं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली आणि मटार सोलायला बसली.  मग म्हणाली, "मला डोळे नाहीत, अक्कल आहे. दमलो म्हणाला असतात, तर मी काय घराबाहेर काढणार होते? मी ते सगळं नातीला सांगत होते हो. तिच्यापुढे खोटी मी पडले."

त्याने खाली सांडलेली सालपटं गोळा केली. मग दोघं समोरासमोर बसून जेवली.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन वाजला. बायकोने उचलला, नातीला म्हणाली, आज आजोबांना विचार, आणि फोन त्याच्या हातात दिला. त्याने सांगितलं की ते झाड आता नाही, पडलं.

"आज पडलं?" पोरीने विचारलं.

नाही, पावसाळ्यात, तो म्हणाला.

पोरीने हिशेब केला. मग म्हणाली, "मग मागच्या रविवारी पिल्लं कुठे बसली होती?"

रंगवाल्याने बायकोकडे बघितलं. ती मांडीवर नातीचं चित्र घेऊन बसली होती, लोकरीच्या पानांवरून तिचं बोट फिरत होतं. कान मात्र इकडेच.

"कुठेच नाही बाळा," तो म्हणाला. "आजोबा खोटं बोलले. आजीला काही ठाऊक नव्हतं."

 एवढं बोलून तो फोन खाली ठेवायला निघाला. 

"थांबलात का?" बायको म्हणाली. आवाजातला राग अजून गेलेला नव्हता. "एवढी थंडी जिथे बसून काढलीत, ते सांगा तिला. मीही ऐकते. काय होतं समोर?"

"पंक्चरवाल्याची भिंत," तो म्हणाला.

"कुठल्या रंगाची?"