हात वर करणाऱ्यांचा मेळावा

काकतीच्या अंबुबाईंचा नवरा परशराम सदतिसाव्या वर्षी गावच्या शाळा कमिटीवर निवडून आला, तो त्याच्या डाव्या हातामुळं. हात वर करून मत द्यायचं होतं. परशरामचा हात प्रत्येक नावाला वर गेला, म्हणून दोन्ही तटांना तो आपला वाटला आणि शेवटी त्यालाच निवडून दिलं. खरं तर १९२९ च्या त्या साली त्याच्या खांद्याला मधूनच हिसका बसायचा, बोटं हवेतलं काही वेचल्यासारखी हलायची आणि ते थांबवणं त्याच्या हाती उरलं नव्हतं.

वर्षभरात पायही वाकडेतिकडे पडू लागले. गाव म्हणालं, दारू. परशराम दारूला शिवतही नव्हता, हे पटल्यावर गाव म्हणालं, भूत. अंबुबाई कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांचे सासरे शेवटची काही वर्षं असेच हलत होते. सासऱ्यांची बहीण निपाणीला दिली होती आणि तिच्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नसे. अंबुबाई मोटारीनं निपाणीला गेल्या. आत्तेसासू कधीच वारली होती. तिचा मुलगा जोतिबा गावाला गेलाय, असं त्याची बायको जयाबाई दारातच सांगू लागली, तेव्हा मागच्या खोलीत तांब्या आदळत होता.

"आमचं मालकबी गावालाच गेल्यात," अंबुबाई म्हणाल्या. "सालभर झालं. घरातच असत्यात."

जयाबाईनं त्यांना आत घेतलं. जोतिबाची बहीण मनुबाई संकेश्वरला दिली होती, तिचीही तीच गत असल्याचं तिथंच कळलं.

बेळगावच्या डॉक्टर रघुवीरांनी परशरामला तपासून सांगितलं, की हा रोग रक्तातून उतरतो, आईबापांपैकी एकाला असला तर मुलाला व्हायचा संभव निम्मा, आणि औषध नाही. मग घरच्यांनी करायचं काय, असं अंबुबाईंनी विचारलं. डॉक्टरांच्या पुस्तकात तेवढंच नव्हतं. ते अंबुबाईंनी स्वतः शोधलं. पाण्यानं ठसका लागतो म्हणून आंबील दाट करायची. अंग सारखं हलून माणूस झिजतो म्हणून दिवसातून पाचदा भरवायचं. अंथरूण जमिनीवर, चुलीपुढं आडवी फळी. हे त्या निपाणीला आणि संकेश्वरला जाऊन शिकवून आल्या. पुढं दरसाल सुगी संपली, की तिन्ही घरं संकेश्वरबाहेरच्या आमराईत एक दिवस जमू लागली. तिथं कुणी कुणाकडं टक लावून बघत नसे.

बेचाळीसच्या डिसेंबरात फौजदाराला खबर लागली, की आमराईत माणसं जमून हवेत मुठी उगारताहेत. त्यानं सगळ्यात जोरात हात हलवणाऱ्या तिघांना पकडलं. बेड्या घालताना परशरामच्या हातानं शिपायाची टोपी पडली, म्हणून एक कलम वाढलं. परशरामनं माफी मागितली, तेवढ्यात टोपी पुन्हा पडली. पंचनाम्यात लिहिलं, की आरोपींनी घोषणा दिल्या नाहीत, मात्र ते देण्याच्या बेतात होते.

कोर्टात वकील दत्तोपंतांनी डॉक्टरांचा दाखला दिला. मॅजिस्ट्रेटनं तो बाजूला ठेवला आणि आरोपींनी आधी नीट, न हलता उभं राहावं, असा हुकूम केला. तिघांनी मनापासून प्रयत्न केला. प्रयत्नानं अंग जास्तच हलतं. पिंजऱ्याचं दार निखळून पडलं.

अंबुबाई मागच्या बाकावरून उठल्या. "सायेब, हुकमानं हे थांबत असतं तर आमी धा-बारा वर्सांमागंच तुमच्याकडं आलो असतो की."

मॅजिस्ट्रेटनं ते मोडकं दार उचलून बाजूला ठेवायला लावलं. मग त्यानं तिघांना सोडलं, पण मेळाव्यावर दरसाल एका शिपायानं नजर ठेवावी, असाही हुकूम दिला. शिपाई पहिल्या वर्षी झाडाखाली उभा राहिला. दुसऱ्या वर्षी तो मनुबाईला भरवत होता आणि 'बंदोबस्त शांततेत' असा अहवाल धाडत होता. खटल्याची बातमी पसरली होती. खानापूरकडचं एक घर आणि सांबऱ्याजवळचं एक, दोन्ही आपापल्या माणसांना उजेडात घेऊन आली.

परशराम पंचेचाळीस साली छातीत कफ होऊन गेला. अंबुबाईंनी मेळावा मोडला नाही. त्यांची मुलगी मालुबाई तेव्हा लग्नाची होती. नातेवाईक म्हणत, गप्प राहा, पोरगी धडधाकट आहे. अंबुबाई येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सगळं सांगत. दोन पाहुणे चहाआधीच उठले. तिसरा, मष्णू नावाचा शेतकरी, म्हणाला, "आदी बघतो, मग सांगतो."

सेहेचाळीसच्या मेळाव्याला तो आला. मनुबाईला घास देताना तिचा हात सुटला आणि त्याच्या नाकातून रक्त आलं. मालुबाईनं ओला पंचा आणून दिला. तो नाकावर धरून त्यानं दुसऱ्या हातानं उरलेली वाटी मनुबाईला भरवली.

"आईला सांग, माझं व्हय हाय," तो मालुबाईला म्हणाला. "पर तुलाबी इच्यारतो. तुझं काय?"

मालुबाईला त्याआधी हे कुणीच विचारलं नव्हतं. तिनं सांजेपर्यंत वेळ मागितला, आणि सांज व्हायच्या आत होकार दिला. दहाव्या दिवशी लग्न लागलं, तेव्हा नवरदेवाचं नाक अजून सुजलेलं होतं.