आरसा फिरवायचा होता

आमच्या गोंदियाच्या दवाखान्यातलं सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी असे. त्याच्या पायाशी एक गोल आरसा होता. बाहेरचा उजेड त्या आरशानं नळीत पाठवायचा आणि वरून पाहायचं. माझे यजमान तिथले डॉक्टर. त्यांच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं, डावा लवकर थकायचा. म्हणून रक्ताच्या काचा पाहायला त्यांनी मला बसवलं. शेजारणी म्हणत, "आता भात कोण रांधणार?" हे म्हणत, "मी रांधीन. पण मला जंतू दिसत नाहीत."

त्यांनी शिकवलेलं अजून तोंडपाठ आहे. काचेवर तेलाचा थेंब टाकायचा. भिंग खाली नेताना नळीत पाहायचं नाही. मान वाकवून बाजूनं पाहत ते तेलाला टेकवायचं. मग नळीला डोळा लावायचा आणि भिंग वरच आणायचं, अगदी केसाकेसानं. दुसरा डोळा मिटायचा नाही. सुरुवातीला मला माझ्या पापण्याच दिसत. मग एका सकाळी फिक्या गुलाबी चकत्या दिसल्या, आणि एका चकतीत निळी अंगठी, लाल खड्याची. तो हिवतापाचा जंतू. लग्नातही मला एवढा आनंद झाला नसेल.

पुढचं मी कधी कोणाला सांगितलं नाही.

दरेकशाकडचा एक बांबू तोडणारा बायकोबरोबर गाडीनं आला होता. ताप चढत-उतरत होता. हा हिवताप की दुसरा कोणता, ते रक्त पाहूनच ठरणार होतं. त्याचं रक्त काचेवर पसरून मी ती रंगवली, भिंगाखाली ठेवली. पाहता पाहता सगळं काळवंडलं. ढग आला होता. आरसा फिरवायचा, ते सोडून मी नळीतच पाहत स्क्रू फिरवून भिंग खाली खाली नेत राहिले. कट् असा बारीक आवाज आला. काच तडकली होती.

पुन्हा रक्त घ्यायचं तर यांना सांगावं लागलं असतं, आणि सूक्ष्मदर्शकापुढचं माझं बसायचं स्टूल जाईल ही मला भीती. तुकडे फडक्यात गुंडाळले. बाहेर येऊन म्हटलं, "रक्त स्वच्छ आहे."

यांनी दुसऱ्या तापाचं औषध दिलं. ती दोघं गाडीला गेली.

तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याला अक्षरशः ओढत आणलं. डोळे पिवळे, दात वाजत होते. ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "त्या रोजी रगत घेतलं, त्याचं का केलं? ताप तं जाऊनच नाही राहिला."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पुन्हा पाहू या."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नवी काच सरकवली. मी सुई दोनदा स्पिरिटनं पुसली, तरी टोचवेना. तापातही तो माणूस हसला आणि त्यानं बोट पुढे केलं. "बाई, कायले भिऊन राहिल्या? बोट माजं आहे. दुखन तं मले दुखन."

त्या काचेत अंगठ्याच अंगठ्या होत्या. यांनी लगेच क्विनाइन सुरू केलं आणि त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं. तो वाचेल, हे कळायला काही दिवस गेले.

त्याच आठवड्यात एका सकाळी यांनी मला स्टुलावर बसवलं. "पहिल्यापासून शिकवतो," म्हणाले. मला सगळं येत होतं, तरी मी नव्यानं शिकले. मधेच उजेड गेला. माझा हात स्क्रूकडे गेला, तो यांनी धरला आणि आरशावर नेऊन ठेवला. "उजेड गेला की आधी खिडकीकडे पाहावं." भिंगाला चिकटलेली काचेची कणी त्यांना दिसली असणार. विचारलं मात्र कधीच नाही. आता ते नाहीत.

त्या वर्षी उन्हाळा सरताना ती दोघं पानात बांधलेली चारोळी घेऊन आली. "बाईनं ताप पकडला म्हणून वाचला," ती यांना म्हणाली. मी खाली पाहत राहिले.

त्या चारोळीची मी खीर केली, यांना वाढली. "तू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भूक नाही. त्यांनी आपल्या वाटीतली अर्धी खीर माझ्या वाटीत ओतली. "खा. सकाळी काचा पाहायच्या आहेत."

मी खाल्ली.