साहेबांच्या बाजूची काच

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. गेल्या अक्षय तृतीयेला, भर दुपारी, होटगी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाच्या कमानीखाली, बँड वाजत असताना. कुणी केला ते मला माहीत आहे, आणि त्या कमानीखाली उभ्या असलेल्या सगळ्या वऱ्हाडालाही माहीत आहे. नाव लिहीत नाही, कारण अप्पांनी हात जोडून सांगितलंय, "नाव घालू नको पोरी. मीठ खाल्लंय त्यांचं."

त्या मिठाबद्दल मला पुष्कळ बोलायचंय. पण आधी काचेबद्दल.

अप्पा ड्रायव्हर. माझ्या जन्माच्या आधीपासून एकाच माणसाकडे, एकाच गाडीवर. माणूस टॉवेलच्या कारखान्याचा मालक. आमच्या घरात त्यांना साहेब म्हणतात, तेही आवाज खाली करून, जणू ते भिंतीपलीकडेच बसलेत. गाडी परदेशी बनावटीची, लांब नाकाची, साईच्या रंगाची. ती सोलापुरात आली तेव्हा बटण दाबलं की खालीवर होणारी काच लोकांनी पाहिलेली नव्हती. सात रस्त्याला सिग्नलवर थांबली की पोरं धावत यायची आणि ओरडायची, "काका, काच! काच करा की!" अप्पा आपल्या बाजूची काच एकदा खाली, एकदा वर करून दाखवायचे. फक्त आपल्या बाजूची. मागच्या डाव्या काचेला त्यांनी कधी पोरांसाठी हात लावला नाही. ती साहेबांची बाजू.

मी लहान असताना रविवारी अप्पा गाडी धुवायला मला बंगल्यावर न्यायचे. पुढे बसायची परवानगी होती. मागे उजवीकडेही एकदा बसले. डावीकडे नाही. "का?" म्हटलं तर उत्तर एकच, "तितं साहेब बसतात." साहेब तेव्हा आत झोपलेले असायचे. सीट रिकामी असायची. रिकाम्या सीटलाही मान असतो हे मला पाचव्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून ते डोक्यात बसलंय.

आता लग्नाची गोष्ट. लग्न साहेबांच्या नातवाचं. गाडी फुलांनी सजवलेली, मागे डावीकडे साहेब, शेजारी नवरदेव. वरात कमानीपाशी आली आणि गर्दीनं गाडीला वेढा घातला. उन्हाळा आपल्या सोलापूरचा. पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटेल असा. गाडीचा एसी केव्हाच मेलेला. साहेबांनी काच खाली घ्यायला बटण दाबलं, काच हलली नाही. अप्पांनी पुढून दाबलं, तरी नाही. बाहेर नाचणारी माणसं दाराला टेकलेली, दार उघडता येईना. लोक काचेवर टकटक करत होते, आत साहेबांचा फेटा घामानं कपाळावर उतरत होता, आणि फोटोवाला त्याचेच फोटो काढत होता.

गर्दी हटल्यावर अप्पांनी नेहमीसारखं पुढून वळसा घालून दार उघडलं. साहेब उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवसभर बसून काचेशी खेळत असतोस. मोडलीस ना शेवटी?"

अप्पा म्हणाले, "साहेब, मी मागंच सांगितलं होतं, ही काच कधीमधी अडतीया, दाखवून घेऊ म्हणून..."

"उलट बोलतोस? चावी आण."

अप्पांनी चावी दिली. कुणीतरी हसलं. कोण ते अप्पांना आठवत नाही, पण हसणं आठवतं. गाडी साहेबांच्या भाच्यानं आत नेली आणि अप्पा पांढऱ्या गणवेशात, लग्नाची टोपी हातात धरून, शेअर रिक्षात इतरांच्या मांडीला मांडी लावून घरी आले. जेवले नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं.

मी तेव्हा चिंचोळी एमआयडीसीच्या फाटकाबाहेर पत्रकं वाटत होते. मी तेच करते. कारखान्यातल्या बायकांना पिण्याचं पाणी, बसायला स्टूल, संडासाला कडी, असल्या मागण्यांची पत्रकं लिहिते, छापते, वाटते. दहा जणी घेतात, आठ जणी पुढच्या वळणावर टाकून देतात. घरी आले आणि ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. उद्या बंगल्याच्या दारात बसते म्हटलं, माफी मागायला लावते म्हटलं.

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "माफीचं ऱ्हाऊ दे. मी मोडली का गं खरंच? तेवढं सांग."

मला वाटलं होतं त्यांना अपमान लागलाय. अपमानाची त्यांना सवय होती. त्यांना लागला होता तो संशय. इतकी वर्षं जपलेली गाडी आपल्याच हातून मोडली असेल तर आपण ड्रायव्हर तरी कसले, हे त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. दुसरीकडे नोकरी चालून आली, मंद्रूपच्या एका व्यापाऱ्याला माणूस हवा होता. गेले नाहीत. "आदी कळू दे," म्हणाले. आई चिडली, "काचंपायी घर बुडवताव का?" तरी नाही. सकाळी अंघोळ करून दाराशी बसायचे, गाडीचा आवाज आला की मान वळवायची, पुन्हा खाली घालायची. पावसाळा असाच गेला.

दिवाळीच्या अलीकडे साहेबांचाच फोन आला. माफीबिफी काही नाही. पुण्याच्या कारागिरानं म्हणे काचेची मोटर गेली म्हणून सांगितलं, आणि ती मोटर आता मिळत नाही. "तुझ्या हातची गाडी आहे. बघून जा एकदा."

अप्पा उठलेच. गणवेश मागितला. मी म्हटलं, "बोलावलं की निघालात? काही वाटतं का?"

"तू पन चल," ते म्हणाले. "आयटीआयला वायरिंगच शिकलीस न्हवं? का नुसतं झिंदाबाद शिकलीस?"

मी गेले. एकाच अटीवर, की जे निघेल ते साहेबांच्या तोंडावर सांगायचं. अप्पा टोपी उचलून दाराबाहेर पडले. मी तो होकार धरला.

गाडी बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. टपावर धूळ, चाकं बसलेली, बॅटरी तेवढी कारागिरानं चार्ज केलेली. अप्पांनी आधी खिशातल्या फडक्यानं आरसा पुसला. मग आम्ही कामाला लागलो. मी मनात गुन्हेगार आधीच ठरवून आले होते. लग्नाआधी गाडीत गाणी वाजवायला कुणाकडून तरी स्पीकर बसवून घेतले होते; त्या माणसानं वायरी तोडल्या असणार. पत्रक लिहिणाऱ्याला गुन्हेगार लागतोच. नसला की ओळ पुढे सरकत नाही.

फ्यूज पाहिला, नीट होता. बाकीच्या तिन्ही काचा कुरकुरत का होईना चालल्या. मागची डावी मात्र ना स्वतःच्या बटणावर, ना पुढच्या. उजव्या दाराचं बटण काढून डावीकडे लावलं. काही नाही. मग दाराचं आतलं कव्हर सोडवलं. अप्पा एकेक स्क्रू टोपीत ठेवत होते. आत मोटर दिसली. टेस्ट लॅम्प, म्हणजे वायरीला लावलेला साधा बारका दिवा, मोटरच्या तोंडाशी धरला आणि बटण दाबलं. दिवा लागला नाही.

"मेली मोटर," अप्पा म्हणाले.

"मेली नाही. तिच्यापर्यंत करंटच येत नाही."

बॅटरीवरून दोन सुट्या वायरी आणून थेट मोटरला टेकवल्या. मोटर कण्हली, आणि काच, महिनोन्‌महिने चिकटून बसलेली काच, थरथरत खाली उतरायला लागली. अप्पा ओरडले, "बंतू! बंतू!" त्यांचं बालपण वळसंगचं, आनंद झाला की तोंडून कानडी येतं. आली, आली, एवढाच अर्थ. किती दिवसांनी मी ते ऐकत होते.

म्हणजे मोटर जिवंत. बटण जिवंत. मधे कुठेतरी वायर तुटलेली. मी स्पीकरवाल्याच्या जोडण्या शोधल्या. सापडल्या, स्वच्छ, टेप लावून, काचेच्या वायरीपासून लांब. त्या बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं. मी उगाच ओशाळले आणि उगाच चिडले.

मग राहिली दार आणि गाडीचं अंग यांच्यामधली रबरी नळी. बिजागरीजवळ असते. दारातल्या सगळ्या वायरी तिच्यातून जातात, आणि दार उघडलं की त्या वाकतात, मिटलं की सरळ होतात. मी अप्पांना म्हटलं, बटण दाबून धरा. आणि दार हळूहळू हलवलं. अर्धं लोटलं, दिवा लागला. पूर्ण उघडलं, विझला. मिटलं, तरी विझलेलाच. पुन्हा अर्ध्यावर, लागला.

नळीला उभी चीर दिली. आत वायरीचं वरचं कातडं शाबूत आणि पोटातलं तांबं तुटलेलं. हिरवं पडून भुगा झालेलं.

"उंदीर?" अप्पांनी विचारलं.

"उंदीर नाही. वाकून वाकून तुटलीय."

उजव्या मागच्या दाराची नळी पाहिली. रबर मऊ, वायर नव्यासारखी. तिथं कुणी बसतच नसे. मग मी ड्रायव्हरचं दार पाहिलं, आणि इथं मला कळेना. ते दार तर साहेबांच्या दाराइतकंच उघडलं गेलं असणार. दिवसभर उतरायचं, वळसा घालायचा, परत येऊन बसायचं. तरी वायर धड.

"अप्पा, तुमच्या दाराची का नाही तुटली?"

ते जरा हसले. "मी कुटं पुरं उघडतोय? मी आपला फटीतनं भायेर पडतो. साहेबांचं दार पार ताणून धरायचं असतं. अर्ध्या दारातनं साहेब उतरले तर बरं दिसतं का?"

असं म्हणून त्यांनी साहेबांचं दार धरून दाखवलं. एका हातानं शेवटपर्यंत, आणि अडल्यावर आणखी जरासं मागे. दुसरा हात चौकटीच्या वर, साहेबांच्या डोक्याला लागू नये म्हणून. तसेच उभे राहिले. आणि मग त्यांची नजर रबरी नळीवर गेली. ती ताणून पांढरी पडली होती.

हात खाली आला.

"म्हंजे मीच मोडली की."

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तुम्ही नाही मोडली, त्या माणसानं आयुष्यात एकदाही हँडलला हात लावला नाही, त्यानं मोडली, असं सगळं. माझी भाषणं मलाच पाठ आहेत. अप्पा ऐकत नव्हते. तुटलेलं टोक त्यांनी बोटांत धरलं होतं आणि अंगठ्यानं हिरवा भुगा पुसत होते.

वायर नवी टाकली, थोडी सैल ठेवली, टेप गुंडाळली. काच खाली आली, वर गेली. आवाज ऐकून साहेब आले. पायजमा, हातात पेपर. थकलेले वाटले. मी ठरवल्याप्रमाणे तोंडावर सांगितलं. मोटर चांगली आहे. कुणी काचेशी खेळलं नाही. दार रोज पूर्ण ताणून धरल्यानं वायर तुटली. तुमचं दार तुम्ही उघडलं असतं तर तुटली नसती.

साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग अप्पांकडे पाहिलं. "म्हणजे यानंच मोडली. मी तेव्हा वेगळं काय म्हणालो होतो?"

"व्हय साहेब," अप्पा म्हणाले.

मला त्या माणसाचा राग आला नाही इतका त्या "व्हय"चा आला. माझ्या हातात पुरावा होता, दिवा होता, तुटकी वायर होती. आणि शेडमध्ये दोन माणसं होती जी एकमेकांशी सहमत होती.

साहेबांना काच बघायची होती. ते दारापाशी गेले आणि थांबले. नुसते थांबले, हात पेपरवर. अप्पा पलीकडे हत्यारं आवरत होते. ती टाकून गाडीच्या नाकावरून वळसा घालून आले, दार उघडलं, शेवटपर्यंत, आणि आणखी जरासं मागे. दुसरा हात चौकटीच्या वर. मी नव्या टेपकडे बघत होते. ती ताणली गेली. साहेब बसले, काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली. खूश झाले.

साहेब उतरून जाताना अप्पांनी विचारलं, "साहेब, उद्यापासनं येऊ?"

"कळवतो," साहेब म्हणाले.

कळवलं नाही. त्यांना दुसरा ड्रायव्हर मिळाला आहे. माझ्या वयाचा आहे. परवा सात रस्त्याला मी ती गाडी पाहिली. एका दुकानासमोर थांबली, तो मुलगा नाकावरून वळसा घालून धावला. त्याला हे कुणी शिकवलं मला माहीत नाही. अप्पांचा गणवेश खिळ्याला आहे. आई दर आठवड्याला धुते, अप्पा स्वतः इस्त्री करतात. व्यापाऱ्यानं दुसरा माणूस ठेवला. "मी मोडली का" हा प्रश्न ते आता विचारत नाहीत, कारण उत्तर मीच शोधून दिलं. माझ्याच टेस्ट लॅम्पनं.

तेव्हा हे वाचणाऱ्या, मागच्या सीटवर बसणाऱ्या तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. दया नको, दिवाळीला मिठाईचा पुडा नको, "आमचा ड्रायव्हर घरच्यासारखा" हे तर अजिबात नको. आज गाडी थांबेल तेव्हा तो उतरायच्या आत त्याला सांगा, "बस, उतरू नको." हँडल तुमच्या मांडीशेजारीच आहे. ओढा, आणि आपलं दार आपण उघडा.